पुरे म्हणणारं प्रथिन

शरीरात जंतू शिरला की संरक्षक पेशींना लढण्याचा निरोप कसा पोचतो, यावर जगभर काम चाललं होतं. वैजयंती सबनीसचा प्रश्न वेगळा होता. लढाई संपल्यावर त्याच पेशींना ‘आता पुरे’ असं कोण सांगतं? दिल्लीत मुनिरक्याजवळच्या एका संस्थेत तिनं उंदरांच्या पेशींवर वर्षानुवर्षं काम केलं आणि हा निरोप नेणारं एक प्रथिन शोधून काढलं. १९९१ साली शोधनिबंध छापून आला.

कोणी कोणाच्या निबंधाचा आधार घेतला, याची जाडजूड सूची तेव्हा दरवर्षी ग्रंथालयात यायची. पहिल्या वर्षी वैजयंतीच्या नावाखाली जेमतेम दोन ओळी होत्या. पुढं पुढं रकाना भरत गेला. तिचा नवरा राजीव लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये शेजाऱ्यांना कौतुकानं सांगायचा, “हमारी मॅडम को जपानवाले पढ़ते हैं.”

देश खुला झाला, परदेशी कंपन्या आल्या, आणि तिची धाकटी बहीण वल्लरी पुण्याहून गुडगावला नोकरीला आली. मोहरीच्या शेतांत उभ्या राहिलेल्या एका नव्या इमारतीत तिनं फ्लॅट घेतला. लिफ्ट अजून बसायची होती. रविवारी ती ताईकडे जेवायला यायची आणि ऑफिसातल्या गमती सांगून राजीवला हसवायची.

एका रविवारी तिला वाटी धरवेना. बोटं सुजली होती, गालांवर लाल चट्टे होते. “जिने चढून चढून दमलेय यार,” ती म्हणाली. वैजयंतीनं ते चट्टे पाहिले आणि तिचं जेवण तिथंच थांबलं.

ल्युपस होता. संरक्षक पेशी तिच्या स्वतःच्याच शरीरावर उलटल्या होत्या, मूत्रपिंडांपर्यंत पोचल्या होत्या. इस्पितळातल्या तरुण डॉक्टरांनी, नीरज माथुरांनी, कागदावर सोबत आलेल्या वैजयंतीचं नाव वाचून वर पाहिलं. “आप वही सबनीस हैं? आपका पेपर हमने एमडी में पढ़ा है.”

वैजयंतीला क्षणभर बरं वाटलं आणि लगेच त्याची लाज वाटली.

“तो मॅडम, आप क्या सजेस्ट करेंगी?” त्यांनी मनापासून विचारलं.

तिनं वल्लरीचे रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले.

तिच्या शोधावरून अमेरिकेतली एक कंपनी औषध बनवत होती. वैजयंतीनं त्यांना फॅक्स केला. उत्तर फार आदरानं आलं. तुमच्या कामाशिवाय आम्ही इथवर आलोच नसतो, पण चाचण्या फक्त आमच्या देशातल्या रुग्णांवर चालू आहेत, क्षमस्व. पुढल्या वर्षी त्या चाचण्याही बंद पडल्या. औषधाचा माणसांना उपयोग होत नव्हता.

वल्लरी डायलिसिसवर गेली. एक दिवस मशीनपाशी पडल्या पडल्या तिनं विचारलं, “ताई, तू शोधलेलं ते माझ्यात नाहीच का?”

“बघू या का?”

वल्लरीनं हात पुढं केला. तिच्या रक्तातल्या पेशी वैजयंतीनं स्वतःच्या हातानं वेगळ्या केल्या, वाढवल्या, त्यांना लढण्याचा निरोप दिला. पेशी खवळल्या आणि मग, निबंधात लिहिलं होतं तशाच, शांत झाल्या. प्रथिन होतं, पुरेसं होतं, काम करत होतं. काचेच्या बशीत सगळं व्यवस्थित होतं.

“आहे तुझ्यात,” तिनं वल्लरीला सांगितलं. “चांगलं आहे.”

“मग थांबत का नाहीत?”

“माहीत नाही गं.”

“अच्छा.” वल्लरी म्हणाली, “मग एवढे लोक तुझं नाव का लिहितात?”

वैजयंती तिच्या पायांवरची चादर सारखी करत राहिली. वल्लरीला तेवढ्यात झोप लागली.

नव्याण्णवच्या फेब्रुवारीत वल्लरी गेली. गुडगावचा फ्लॅट राजीवनं एकट्यानं आवरला, वैजयंतीला जाववलं नाही.

उन्हाळ्यात तिच्या बढतीची मुलाखत झाली. तिच्या निबंधाचा किती जणांनी आधार घेतला, तो आकडा अध्यक्षांनी मोठ्यानं वाचला. मग विचारलं, “और मरीज़ों को इससे क्या फ़ायदा हुआ?”

“अभी तक कुछ नहीं, सर.”

हा तिचा विनय आहे, असं वाटून समिती हसली. बढती मिळाली. ती बाहेर आली, तेव्हा राजीव झाडाखाली स्कूटरपाशी उभा होता. त्यानं स्कूटर सुरू केली. ती मागं बसली आणि घर येईपर्यंत त्याच्या पाठीला कपाळ टेकून राहिली.