पालकांची सही

आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेला शिंपी हट्टी आहे, हे मला अठ्ठावीस वर्षांपासून ठाऊक आहे. तेव्हा मी संध्याकाळच्या शाळेत मोठ्या माणसांना गणित शिकवत असे आणि त्याची आई माझ्या वर्गात होती. वय बावन्न. दिवसभर मुलाच्या दुकानात शर्टांची काजं करायची आणि तोंडाने पाढे म्हणायची. सतराचा पाढा अडला की काजही वाकडं व्हायचं.

शाळेची प्रगतिपुस्तकं लहान मुलांचीच होती. खाली 'पालकांची सही' अशी ओळ, आणि मुख्याध्यापकांना ओळ रिकामी ठेवलेली खपत नसे. म्हणून आईच्या प्रगतिपुस्तकावर सही करायला सव्वीस वर्षांचा मुलगा येई.

"शंभरपैकी चौदा? आई, काय आहे हे?"

"पेपर अवघड होता रे. बाकीच्यांनाही गेला."

"बाकीच्यांचं मला सांगू नकोस."

"हे माझं वाक्य आहे," म्हणत ती चष्मा पुसायला लागली.

तिसऱ्या खेपेला ती दहावी झाली. गेल्या वर्षी ती वारली, आणि शिंप्याने तिच्या नावाने शिष्यवृत्ती काढली. शाळा सुटलेल्या, पण पुन्हा शिकू पाहणाऱ्या एका मोठ्या माणसाला दरवर्षी आईच्या स्मृतिदिनी फी, पुस्तकं आणि त्याने स्वतः शिवलेलं दप्तर. दप्तराला आत चष्म्याचा खिसा, कारण आईने तीन चष्मे हरवले होते.

अर्जाचा नमुना त्याने मला दाखवला. तळाशी होतं, 'पालकांची सही'.

"अरे, ही ओळ चुकून राहिली. पन्नाशीच्या माणसाने पालक कुठून आणायचा?"

"आईने नव्हता आणला? बाई, मी रागावेन म्हणूनच ती अभ्यासाला बसायची. ओळ राहणार."

ओळ राहिली आणि अर्ज येईनात. लोक कागद घेत, तळापर्यंत वाचत आणि घडी घालून खिशात ठेवत. एक ड्रायव्हर मला म्हणाला, "मुलाकडे सही मागू? त्याच्या प्रगतिपुस्तकावरून मी त्याला काय काय बोललोय, ते त्याच्या चांगलं लक्षात आहे."

पाच आठवडे गेले. आईचा दिवस परवावर आला. शिंप्याची बायको मशीनवरून म्हणाली, "अहो, ते दप्तर रिकामंच आहे. बटाटे ठेवू का त्यात?"

एकाच गिऱ्हाइकाची बाही त्याने तीनदा मोजली. मग मला हळूच म्हणाला, "आईच्या नावाचं कुणालाच नको झालं, बाई."

त्याच दुपारी दवाखान्यातली आया आली. वय एक्कावन्न. अर्ज सुवाच्य भरलेला, फक्त शेवटची ओळ कोरी.

"हे राहिलं," शिंपी म्हणाला.

"राहिलं नाही. आईवडील गेले, लग्न केलं नाही. खोटी सही करायची नव्हती. चालत नसेल तर तसं सांगा, मला ड्यूटीवर जायचंय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचे कापडाचे नमुने बघत राहिले. मशीन थांबलं होतं.

"शाळा का सोडली होती?"

"गणित."

"आता जमेल?"

"बघू."

"बघू नाही चालायचं. आणि पेपर अवघड होता, हे मला सांगायचं नाही." असं म्हणून त्याने कानावरचं पेन काढलं आणि शेवटच्या ओळीवर सही केली. आईच्या प्रगतिपुस्तकावर असायची तीच, शेवटी हुकासारखी वळलेली.

आता त्या शाळेच्या पालकसभेला एकच पालक हजर असतो, गळ्यात टेप घालून. गेल्या चाचणीत आयाला गणितात एकोणीस मिळाले. चौदापेक्षा बरे आहेत, असं मी तिला सांगितलं. तरी दोन दिवस ती दुकानासमोरून गेली नाही; मागच्या गल्लीने वळसा घालून कामावर जात होती.