तीनशेचा प्रोसेसर साडेचारशेवर

गुरुवार, १३ मे १९९९, सकाळी १० वाजून ४० मिनिटे. मदरबोर्डवरचा, प्रोसेसरचा वेग ठरवणारा इवलासा जंपर चिमट्याने उचलून मी शेजारच्या पिनांवर बसवला आणि तीनशे मेगाहर्ट्झचा प्रोसेसर साडेचारशेवर चालू केला. एम.एस्सी.च्या प्रबंधातले शेवटचे गणित मूळ वेगाने शहाण्णव तास घेणार होते. म्हणजे ते सोमवारी पावणेअकराला संपले असते, आणि अकराला प्रबंध मुंबईत विद्यापीठात द्यायचा होता. वाढवलेल्या वेगाने चौसष्ट तास पुरत होते.

बाबांना हे पटले नव्हते. "कंपनीने तीनशे छापलंय. त्यांना कळत नाही आणि तुला कळतं?"

"बाबा, ते सगळ्यांत वाईट परिस्थिती धरून छापतात."

"आणि पनवेलातला मे महिना कसली परिस्थिती आहे?"

मी संगणकाच्या पेटीचे एका बाजूचे झाकण काढले, समोर टेबलफॅन ठेवला आणि प्रोसेसरच्या उष्णता शोषणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेला थर्मामीटर टेकवला. वीज गेलीच तर काम वाया जाऊ नये म्हणून दर तासाला गणिताची स्थिती डिस्कवर साठवली जात होती. तापमानाची नोंद मी वहीत करत होते. पहिला दिवस आणि रात्र पारा शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास राहिला.

शुक्रवारी दुपारी आलेखांच्या झेरॉक्स काढून तीनला परतले, तर पारा एकोणसाठवर होता. पेटीच्या उघड्या बाजूवर आईने जुनी सुती साडी चौपदरी करून, व्यवस्थित खोचून लावली होती. आमच्या घरात टीव्हीला, मिक्सरला, टेलिफोनला कव्हर असे. आतल्या तारा दाखवत बसलेले यंत्र तिला बघवत नव्हते.

"आई, हे कधी लावलंस?"

"साडेबाराला. केर काढताना भिंतीवर पाल दिसली. आत शिरली असती तर तुझा प्रबंध तिनेच पुरा केला असता, बाई."

यंत्र बंद पडले नव्हते. पडद्यावर आकडे संथपणे सरकत होते, आणि मला भीती वाटली ती नेमकी त्याचीच. मी गणित थांबवले, साडी काढली, पारा उतरू दिला आणि दोनच्या साठवणीपासून एक तास पुन्हा चालवला. उत्तर आधीच्या उत्तराशी सातव्या दशांशापासून जुळेना. बारा ते एकचा तासही जुळला नाही. अकरा ते बाराचा मात्र शेवटच्या अंकापर्यंत जुळला. म्हणजे बारापर्यंतचे काम शाबूत होते आणि पुढचे तीन तास यंत्राने न अडखळता चुकीची उत्तरे दिली होती.

साडी काढल्यावर साडेचारशे पुन्हा चालले असते. पण एका साडीच्या उष्णतेने जो वेग खोटे बोलू लागतो, त्याच्यावर माझे नाव घालायची माझी तयारी नव्हती. मी जंपर मधल्या जागी बसवला: तीनशे चौऱ्याहत्तर. बाराच्या साठवणीपासून पुढे चालवले तर हिशेबाने रविवारी संध्याकाळी पाचला काम संपत होते. माझा अभिमान थोडा दुखावला, वेळ मात्र पुरत होता.

आईने जुन्या मच्छरदाणीचा तुकडा कापून आणला. "ही लावू? हवा जाईल, पाल जाणार नाही."

मी पंधरा मिनिटे मोजून पाहिले. पारा एका अंशाने चढला आणि तिथेच थांबला. जाळी राहिली.

"आता किती?" बाबांनी पेपरातून मान वर न करता विचारले.

"तीनशे चौऱ्याहत्तर."

"म्हणजे कंपनीला अर्धंच कळतं."

रविवारी पाच वाजून दहा मिनिटांनी गणित संपले. मी जंपर मूळ जागी नेला आणि शेवटचा तास छापील वेगाने, तीनशेवर, पुन्हा चालवला. आई चहा ठेवून गेली. तो गार झाला. साडेसहाला दोन्ही उत्तरे एकाखाली एक मांडून वजाबाकी केली आणि वहीत लिहिले: पारा ४१, फरक ०.