तांबी आणि दहा बल्ब

वडनेर भोलजीचे माणिकराव चाळीस वर्षं लाइनमन होते. रिटायर झाले तरी हात स्वस्थ बसेनात. मांजराच्या खोक्यातही त्यांनी बल्ब लावून ठेवला होता.

त्यांची बायको बेबीताई आशा वर्कर. ती एकदा प्रशिक्षणाहून आली आणि चहा पिता पिता म्हणाली, "तांबी बसवली का गर्भाशयाच्या अस्तरातल्या काही जनुकांचं काम वाढते, काहींचं मंदावते. बटनंच समजा. तांबी काढली का अस्तर पुन्हा कामाले लागते. पण सुवर्णाच्या सासूले हे कोण सांगन?"

शेजारच्या सुवर्णाची पाच वर्षांची तांबी सोमवारी काढायची होती. तिला दुसरं लेकरू हवं होतं. सासू म्हणे, तांब्यानं आतलं सारं जळालं, आता दवाखान्यात जाऊन काय करता?

बटनं म्हणताच माणिकराव खुलले. "मंग हे आमच्या डिपार्टमेंटचं काम हाय."

दोन दिवसांत बोर्ड तयार. दहा बल्ब म्हणजे दहा जनुकं, सहा लागलेले, चार विझलेले. खाचेत तांब्याची तार खोचली की उलटं. पहिल्या सहांच्या करंटासाठी शेतातल्या पंपाचा ऑटोस्विच काढून जोडला. लाइट आली की पंप आपोआप चालू करणारा हा डबा. पण मोटर जळू नये म्हणून तो आधी जरा थांबतो. ते माणिकराव साफ विसरले. घरी तार खोचून पाहिली तेवढ्यात लाइट गेली, काढून पाहायचं राहिलं.

बेबीताईच्या बोलावण्यावरून अंगणवाडीत पंचवीस बाया जमल्या, सुवर्णा आणि तिची सासूही. तार खोचली, बल्ब बदलले, बाया खूश. तार काढली आणि दहाच्या दहा विझले.

"जळालं," सासू शांतपणे म्हणाली. "म्या काय म्हनत होतो?"

सुवर्णाची मान खाली गेली. बेबीताई नवऱ्याला म्हणाली, "तुमाले खांबावरच राहू द्याले पायजे होतं." माणिकरावांनी बोर्डाचा वास घेतला, कान लावला.

ठक. पहिले सहा लागले.

"मधात काऊन विझले होते?" सासूनं विचारलं.

माणिकरावांना आता कुठे आठवलं. "वयनी, मोटर असो का अस्तर, एकदम जोर नाही द्याचा. थोडा वेळ लागते."

"दिवस जायाले कोनाले कमी, कोनाले दोन-चार महिने," बेबीताईनं लगेच जोडलं.

सासूनं स्वतःच्या हातानं तीनदा तार घातली, काढली. तिसऱ्यांदा बल्ब लागले तसा पदर खोचला.

"सुवर्णा, सोमवारी मी बी येतो तुह्यासंगं. पण ह्या मानसाले दवाखान्यात आनू नको, बेबी."

माणिकराव तोवर सोमवारसाठी पेचकस-पक्कड पिशवीत भरत होते.