वरचं पाणी

कंडक्टरबाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या गुडघ्यांना बरं वाटलं, पण गळ्याला काही ते मानवेना. जन्मभर गच्च भरलेल्या बसमध्ये "पुढे सरका" म्हणत आलेला तो गळा. घरात बोलायला माणूस एकच, तोही मुलखाचा अबोल. यजमान घड्याळं दुरुस्त करायचे आणि एकदा डोळ्याला भिंग लावलं की त्यांना जग दिसेनासं व्हायचं. एकुलती एक लेक ओढ्याच्या वरच्या अंगाला दिली होती. तिच्या सासरी कापड रंगवण्याचा कारखाना होता.

ओढा बाईंच्या घरामागूनच जायचा. एका सकाळी त्यात कुणीतरी टाकलेली गादी अडकली आणि तुंबलेल्या पाण्याला घाण वास सुटला. बाई खाली उतरल्या, पदर खोचला आणि गादी ओढून पाहिली. ती जागची हलेना. तेव्हा मान वर करून त्यांनी हाक दिली, "चला, उतरा खाली चार जण. लवकर."

त्या आवाजाचं ऐकायची गल्लीला सवय होती. न्हावी वस्तरा ठेवून आला, इस्त्रीवाला आला, शिक्षिकाबाई साडी सावरत आल्या. गादी निघाली. खाली एक गंजकी सायकल सापडली, तीही काढली. घामाघूम होऊन सगळे काठावर बसले आणि कुणालाच उठावंसं वाटेना.

पुढच्या रविवारी कुणी न बोलावता मंडळी पुन्हा जमली. मग तो पायंडाच पडला. सकाळी कचरा काढायचा, मग काठावर सतरंजी आणि चहा. कुणी रोपं आणायचं, कुणी ओढ्यात पोहतानाचे आजोबांचे फोटो. शिक्षिकाबाई मुलांना पाखरं ओळखायला शिकवायच्या. बाई मधोमध उभ्या राहून ज्याला त्याला कामाला लावायच्या आणि कुणाला त्याचं वाईट वाटत नसे.

कचरा कमी झाला, पण पाणी काही निवळेना. कधी जांभळं, कधी हळदी. "यंदा कुठल्या रंगाची चलती आहे, ते दुकानात जायच्या आधी ओढ्यात कळतं," इस्त्रीवाला एकदा बोलून गेला आणि बाईंकडे बघून त्याने जीभ चावली. रंग कुठून येतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो विषय निघाला की जो तो चहाच्या कपात डोकं घालायचा.

"मी बोलून येते," बाई घरी म्हणाल्या.

यजमानांनी भिंग काढलं. "मुलीचं सासर आहे ते."

"म्हणूनच मी जाते. दुसरं कुणी गेलं तर भांडण होईल."

"आणि तू गेलीस तर?"

"तर घरातल्या घरात होईल."

कारखाना विहीणबाईंच्या हातात होता. नवरा गेल्यावर त्यांनी तो एकटीने उभा ठेवला होता. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "तुम्ही विहीण म्हणून आलात, की ओढेवाल्यांच्या तर्फे?"

"दोन्ही मीच आहे हो. कुठलीला घराबाहेर ठेवू?"

"पाणी गाळायचं तर हौद हवा. हौदाला जागा हवी. ती तुम्ही देणार का?"

बाई निघाल्या तेव्हा विहीणबाई दारापर्यंत आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. "आई, अख्ख्या ओढ्यात तुला माझंच सासर दिसलं?" एवढंच म्हणून तिने तो ठेवला.

पुढच्या रविवारी बाईंनी सगळ्यांना जवळ बसवलं. आवाज नेहमीपेक्षा पुष्कळ खाली होता. "वरचा रंग माझ्या विहीणबाईंच्या कारखान्यातून येतो. मी सांगून आले, ते त्यांना पटलं नाही. आता तुम्हाला तक्रार करायची असेल तर करा. मी आड येणार नाही. फक्त लपूनछपून करू नका, त्यांना आधी कळवा."

न्हाव्याने बाईंच्या कपात आणखी चहा ओतला.

ही गोष्ट कारखान्यात पोचायला वेळ लागला नाही. विहीणबाई संतापल्या, दोन दिवस धड जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सून समोर येऊन उभी राहिली. अंगणाच्या कडेला तिच्या ब्यूटी पार्लरसाठी खोली बांधायची ठरली होती. पायासुद्धा खणून झाला होता.

"हौद तिथे बांधा," ती म्हणाली.

"आईने शिकवून पाठवलं का?"

"आईशी बोलत नाहीये मी. पण तिने आपलं नाव चारचौघांत घेतलं आणि पाठीमागे काही केलं नाही. आता आपणही नीट वागूया."

हौद बांधून झाल्यावर बाईंना हे सगळं जावयाकडून कळलं. पाणी निवळत चाललं होतं, काठावर लोक खुशीत होते, पण बाईंनी भरला कप तसाच खाली ठेवला. आपल्या ओढ्यापायी लेकीची खोली गेली. त्या तशाच उठल्या आणि तिच्याकडे गेल्या.

"तोंड पाडून बसू नकोस," लेक म्हणाली. "तुझी पुढची खोली दे मला. बाबांची घड्याळं मागे हलव."

यजमान कुरकुरले, पण हलले. पुढच्या खोलीत आरसे लागले, खुर्च्या आल्या, गल्लीतल्या बायकांची वर्दळ सुरू झाली.

विहीणबाईंचा राग मात्र सावकाश उतरला. एक दिवस त्यांनी स्वतः फोन केला. "तुमच्या त्या हौदात गाळ साचलाय. माझी माणसं नाकं मुरडतात. येताय का काढायला?"

"येते की," कंडक्टरबाई म्हणाल्या आणि फावडं शोधायला लागल्या.

त्या पोचल्या तेव्हा विहीणबाई साडी वर खोचून हौदाच्या काठावर उभ्या होत्या आणि त्यांच्याही हातात फावडं होतं.