भिंती पोतारू नका म्हणून दवंडी होती

हलगी वाजली की माझ्या सासूबाई आधी दार ओढून घ्यायच्या आणि मग आतून विचारायच्या, "काय म्हणायलाय त्यो?" मी त्यांना आत्याबाई म्हणायची. जुन्या राज्यात हलगीनं कधी चांगली बातमी आणली नव्हती. लेव्हीचं धान्य काढा, वेठीला माणूस पाठवा, साहेब येतोय, कोंबडी तयार ठेवा. राज्य बदलून सहा-सात वर्षं झाली होती, पण हलगी तीच होती आणि वाजवणाराही तोच. तो "ऐका हो ऐका" म्हणाला की हातातलं काम तिथंच राहायचं. आत्याबाईंना मी मनातल्या मनात हसायची, पण त्यांनी दार ओढलं की कडी मीच लावायची.

आमचं गाव जिंतूरपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, ओढ्याच्या काठी. नवी ग्रामपंचायत झाली आणि आमचे मालक पंच म्हणून निवडून आले. तेव्हापासून त्यांचा आवाज घरातसुद्धा चावडीवर बोलल्यासारखा निघायला लागला. जेवताना मीठ मागायचं तरी ठराव मांडल्यासारखं मागायचे. दर बाजाराच्या आदल्या दिवशी चावडीपुढं उभं राहून ते पंचायतीच्या आणि तालुक्याच्या बातम्या वाचून दाखवायचे. शाळेला दुसरा मास्तर मंजूर झाला, पिण्याच्या विहिरीला कठडा बांधायचाय, शेणखताचे खड्डे ज्यानं त्यानं आपापल्या वावरात घ्यावेत. लोक ऐकून घ्यायचे, तंबाखू मळायचे आणि उठून घरी जायचे.

फवारणीची बातमी मात्र लोकांनी तशी सोडली नाही. दरसाल भादव्यापासून आमच्या गावात हिवताप सुरू व्हायचा. घरटी एक-दोन माणसं वाकळा पांघरून कुडकुडत पडायची, आणि कुणाच्या ना कुणाच्या घरून तिरडी निघायची. मालकांनी सांगितलं की सरकारची माणसं येऊन प्रत्येक घराच्या भिंतींवर औषध मारणार, त्यानं डास मरतील आणि ताप येणार नाही. लोक म्हणाले, फुकट औषध म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार. तेव्हा मालक म्हणाले, "आधी माझ्या घरात फवारा. माझी भैन दोन जिवाची हाय, तिच्या खोलीत पैल्यांदा फवारा."

ती बहीण म्हणजे माझी नणंद. पहिलटकरीण होती, सातव्या महिन्यात माहेरी आली होती. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण नात्यानं मोठी, म्हणून मी तिला वन्सं म्हणायची आणि ती मला वैनी. दिवसभर माझ्या मागं मागं हिंडायची, चिंचा मागायची, बाळाचं नाव काय ठेवायचं यावरून माझ्याशी भांडायची. या घरात माझं म्हणावं असं माणूस तीच होती. तिचं बाळंतपण नीट व्हावं म्हणून मी तिसऱ्या महिन्यापासूनच देवाला बोलून ठेवलं होतं.

फवारणीच्या आदल्या दिवशी दवंडी फिरली. भांडीकुंडी, धान्य, अंथरुणं अंगणात काढा. देव झाकून ठेवा. आणि औषध मारल्यावर सहा महिने भिंती पोतारू नका, पोतारल्या तर औषध मातीखाली जाईल. हे ऐकून बायका खवळल्याच. दसरा महिन्यावर आला होता. पांढऱ्या मातीत शेण कालवून भिंतीला पोतेरा दिल्याशिवाय दसरा कसला? त्यातून आमच्या घरी बाळंतपण. बाळंतिणीची खोली न पोतारता कुणी बाळंतीण निजवतं का? आत्याबाई म्हणाल्या, "ह्या सरकारी माणसांच्या मायनं त्यांना उकिरड्यावर जल्म दिला व्हता काय?" पण लेकाचा शब्द होता, म्हणून दुसऱ्या दिवशी स्वतःच भांडीकुंडी अंगणात काढली.

चार माणसं खाकी कपड्यात पंप घेऊन आली. भिंतीवर फस्‌फस्‌ करत पांढरं पाणी बसलं. वासानं डोकं उठलं. बाजेच्या सांध्यांतून ढेकूण पटापट खाली पडले तेव्हा आत्याबाईसुद्धा हसल्या. आता झालं, असं मला वाटलं. एवढ्यात त्यांच्यातला एकजण कापलेल्या पत्र्याचा तुकडा आणि रंगाचा डबा घेऊन आला, नणंदेच्या खोलीत बाजेच्या वर पत्रा भिंतीला लावला, कुंचला फिरवला आणि निघून गेला. भिंतीवर गेरूच्या रंगाची खूण राहिली.

मला वाचता येत होतं. मामानं तिसरीपर्यंत शिकवलं होतं. ती फवारणीची तारीख होती आणि पुढं दोन अक्षरं. डोळ्यांना ते कळत होतं, पण मला दिसत होती ती माहेरच्या दारावरची फुली.

माझं माहेर राणीसावरगावाकडलं. राज्य बदलायच्या आदल्या वर्षी आमच्या गल्लीत तीन दारांवर कोळशानं फुल्या निघाल्या होत्या. कुणी काढल्या ते कधीच कळलं नाही. त्या तीन दारांतलं एक आमचं. आई म्हणाली, पुसून टाकू. बापू म्हणाले, "पोरांचा खेळ असंल, कशाला भ्यायलीस?" दोन दिवसांनी भर दुपारी जुन्या राज्याच्या बाजूची हत्यारबंद माणसं आली. ज्या दारांवर फुल्या होत्या तीच तीन घरं त्यांनी फोडली आणि बापूंना म्हणाले, आमच्यासंगं चला. बापूंनी पायताण घातलं आणि त्यांच्याबरोबर गेले, ते परत आले नाहीत. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होते. पुढं कितीतरी दिवस आई ती फुली राखेनं घासायची आणि म्हणायची, तवाच पुसली असती तर.

तीन दिवस मी कळ काढली. नणंद त्या बाजेवर आडवी झाली की तिच्या डोक्याच्या वर ती खूण. ती झोपायची आणि मी दारातून खुणेकडं बघत बसायची. कुणीतरी येणार, हिला घेऊन जाणार, असंच वाटायचं. पायरीवर पाऊल वाजलं की मी तिच्या बाजेपाशी धावायची. मालकांना सांगितलं असतं तर त्यांनी मला तारीख वाचून दाखवली असती. तारीख मलाही वाचता येत होती.

चौथ्या दिवशी मालक जिंतूरला गेले, आत्याबाई आणि नणंद शेजारी गेल्या, आणि मी पांढरी माती भिजवली. एवढी खूणच झाकायची, असं ठरवलं होतं. पण ओल्या मातीचा ठिगळासारखा डाग दिसायला लागला. मग ती भिंत पुरी केली. मग एक भिंत वेगळी दिसते म्हणून उरलेल्या तीन केल्या. हात जसजसा चालत होता तसतशी माझी छाती हलकी होत गेली, हे खरं सांगायला हवं. संध्याकाळी आत्याबाईंनी खोली बघितली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "बरं केलंस. दाद्याला सांगू नगं." लेकाला त्या दाद्या म्हणायच्या. औषधही पांढरं आणि मातीही पांढरी. मालकांच्या काही ध्यानात आलं नाही.

पंधरवड्यानं नणंदेला हुडहुडी भरली. तीन वाकळा घातल्या तरी दात वाजत होते. मग ताप, मग घाम. दुसऱ्या दिवशी बरी, तिसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा हुडहुडी. ते एकाआडचं गणित गावात पोराटोरांनाही ठाऊक होतं. बऱ्या दिवशी ती उठून बसायची, माझ्याशी हसायची, आणि मला तिच्याकडं बघवत नसे. आम्ही तिला गाडीत घालून जिंतूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या दिल्या आणि विचारलं, घरात फवारणी झाली होती का? मालक ताठ उभे राहून म्हणाले, "व्हय साहेब, सगळ्यात आधी आमच्याच घरात." नणंदेचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी तिच्या कपाळावरचा घाम पुसत राहिले. परतीच्या वाटेवर प्रत्येक खड्ड्याला ती विव्हळायची आणि मी मनात म्हणायची, आता सांगते, पुढच्या ओढ्यापाशी सांगते. ओढा आला आणि गेला.

गावात बोभाटा झाला. पंचाच्या घरात फवारा आणि पंचाच्याच घरात ताप! औषध खोटं, पंच खोटा. बायकांनी पांढऱ्या मातीचे ढीग दारात आणून टाकले. दसरा चार दिवसांवर आला होता, सगळं गाव पोतारणार होतं. मालकांनी चावडीवर बोलायचं सोडलं. त्यांचा तो मीठ मागायचा आवाजसुद्धा बसला. मी चुलीपुढं बसून विचार करायची की आता नुसती आपली नणंद नाही, सगळ्या गावाच्या भिंती आपल्यापायी पोतारल्या जाणार. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला तर घास गिळवत नव्हता.

फवारणीचा तपासनीस आला तेव्हा ओट्यावर दहा-वीस माणसं जमली होती. तो खोलीत गेला, भिंतीवरून बोट फिरवलं आणि बाहेर येऊन मालकांना म्हणाला, "खूण कुठंय?" मालक म्हणाले, "असंल की आतच." तपासनीस म्हणाला, "आत नुसती माती आहे." लोक एकमेकांकडं बघायला लागले. आत्याबाई माझ्याकडं बघायला लागल्या. त्या बोलल्या असत्या तर माझ्यासाठी खोटं बोलल्या असत्या. मी पदर पुढं ओढला आणि दाराआडूनच म्हणाले, "मी पोतारली. ती खूण मला बघवली न्हाई." आवाज माझाच होता, पण मला ओळखू आला नाही.

मालक मला मारतील असं वाटलं होतं. त्यांनी हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. डोक्याचा पटका सोडला, पुन्हा बांधला आणि चावडीकडं चालायला लागले. तपासनिसानं माणसं बोलावून खोलीत पुन्हा औषध मारायला लावलं. अंगणात काढलेली बाज मी आत नेली. नणंदेचा तो बरा दिवस होता. तिनं विचारलं, "पुन्यांदा कशाला मारलं, वैनी?" मी म्हणाले, कण्या गरम हायत, आधी खाऊन घ्या.

मी तिला घास भरवत होते तेव्हा लांब हलगी वाजली. आधी मारुतीपाशी, मग वेशीपाशी, मग आमच्या गल्लीच्या तोंडाशी. आत्याबाई दार ओढायला उठल्या, पण शब्द त्यांच्या आधी आत आले. "ऐका हो ऐका! पंचाच्या घरच्या बाईनं फवारलेली भिंत पोतारली, म्हून त्यांच्या घरात ताप आला हो! दवा खोटी न्हाई! कुणी भिंती पोतारू नका हो!" हलगीवाला आमच्या दारापुढं जरा जास्तच वेळ थांबला. त्याला तसं सांगितलेलं असावं.

नणंद भिंतीकडं बघत राहिली. मग तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणणार होते की मला भीती वाटली होती, तुमच्याचसाठी वाटली होती. पण तिनं माझ्या हातातली वाटी घेतली, हळूच खाली ठेवली आणि कुशीवर वळली.

त्या दसऱ्याला गावात एकाही घरानं भिंत पोतारली नाही. मातीचे ढीग तसेच दारांत वाळले. त्या हंगामात तिरडीही निघाली नाही आणि लोकांनी मालकांना पुन्हा चावडीवर उभं केलं. त्यांचं वागणं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. त्यांनी आपली अब्रू वेशीवर टांगली आणि गाव वाचवलं. पण त्यांनी तो ठराव केला तेव्हा खोलीतल्या बाजेवर कोण निजलंय याची आठवण त्यांनाही राहिली नाही.

नणंदेचे दिवस भरायच्या आधीच तिचं पोट दुखायला लागलं. मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी होती. तिसऱ्या दिवशी गेली. डॉक्टर म्हणाले, तापानं असं होतं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, ताप नसतानाही होतं कधीकधी, आणि डास काय एका खोलीतच चावतो का. ते भले गृहस्थ होते. मी ते वाक्य आयुष्यभर घोकलं, पण त्याचा उपयोग झाला नाही.

पुढं नणंदेला तीन मुलं झाली. तिन्ही बाळंतपणं सासरीच झाली. ती मला त्याबद्दल एक शब्द कधी बोलली नाही. दर भाऊबीजेला यायची, भावाला ओवाळायची, माझ्या हातचं जेवायची, माझ्या पोरांचे केस विंचरायची. पण ऊन उतरायच्या आत गाडी जुंपायला लावायची. मुक्काम करा म्हटलं की म्हणायची, घरी म्हैस हाय. एका भाऊबीजेला तिचा धाकटा माझ्या पोरांबरोबर खेळून दमला आणि आत येऊन माझ्या अंथरुणावर झोपला. मी त्याच्या अंगावर पांघरूण घालत होते. ती दारात आली, मला बघितलं. पांघरूण बाजूला सारलं, झोपलेलं पोर तसंच उचलून खांद्यावर टाकलं आणि बाहेर जाऊन उन्हात बसली.