ढिला जोड

हिंगणघाटच्या आमच्या कॉलनीतले सगळे नळ एकाच प्लंबरच्या हातचे आहेत. जोड आवळून झाला की ते त्यावर दोन टिचक्या मारतात आणि म्हणतात, "आता थेंब नाई."

दुर्बिणीच्या स्टँडसाठी मी त्यांना यादी दिली: लोखंडी पाइप, दोन एल्बो, तीन निपल. शेवटी लिहिलं, 'दोन जोड ढिले ठेवणे.' दुर्बीण त्यांवरच फिरणार होती आणि संध्याकाळी शाळेतल्या मुली चंद्र पाहायला येणार होत्या.

दुपारी स्टँड आला. टिचक्या झाल्या. मी ढकलून पाहिलं, काहीच हलेना. प्रत्येक आट्यावर टेप गुंडाळून त्यांनी जोड गच्च आवळले होते.

"भाऊ, यादी वाचली नाही का?"

"वाचली न मॅडम. मले वाटलं तुमचंच लिहिताना चुकलं. ढिला जोड कोन मांगते?"

मग त्यांनी पाना लावला, टेप सोलली, ग्रीस भरलं. प्रत्येक फेऱ्याला दाढ उपटल्यासारखं तोंड.

संध्याकाळी मुलींनी एका बोटाने दुर्बीण फिरवली. रांगेत शेवटी ते होते. चंद्र बराच वेळ पाहिला, मग सवयीने जोडाखाली बोट फिरवून हळूच म्हणाले, "मस्त दिसते. पन हा जोड माह्या हातचा हाय, हे कोनाले सांगू नका."