श्वास आला का?

त्या दिवशी नागपुरात बर्डीवरच्या रेडिओच्या दुकानात बाबांनी दुकानदाराला पार घाम फोडला होता... एकोणऐंशी-ऐंशी साल असेल. मला शाळेत नुकतीच नोकरी लागली होती आणि बाबांना स्टिरिओ घेऊन द्यायचाच, असं मी ठरवलं होतं. आई, बाबा आणि मी, तिघं निघालो. बाबांच्या काखेत उशीच्या खोळीत गुंडाळलेली त्यांची लाडकी रेकॉर्ड!

रेकॉर्ड म्हणजे चर्चमधलं समूहगान... परदेशातली साठ-सत्तर माणसं एकत्र गातात, भाषा बहुतेक लॅटिन. बाबा कापड मिलमध्ये मागावर विणकाम करायचे. तिथले एक साहेब रिटायर होऊन केरळला परत जाताना ती त्यांना देऊन गेले. एकाही शब्दाचा अर्थ कळत नव्हता, पण बाबांचा जीव होता तिच्यावर.

त्यात एका जागी सगळे थांबतात. अगदी शांत... मग सगळे एकदम श्वास घेतात आणि हळूच पुन्हा सुरू होतात. बाबांची परीक्षा तेवढीच. "श्वास ऐकू आला पायजे. नाही आला, तर ते डबडं हाय!" मोहल्ल्यात कोणीही रेकॉर्ड प्लेअर घेतला, की बाबांना बोलावणं यायचंच.

दुकानात पहिला सेट लागला. श्वास इतका स्वच्छ आला की माझ्या अंगावर काटा उभा राहिला. बाबा म्हणाले, "नाही आला." मला वाटलं, गंमत करतायत... पण ते माझ्याकडे वळले. "काहून वं, तुले आला का?"

त्यांचा चेहरा बघून कळलं, त्यांना खरंच आला नव्हता. अठ्ठावीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढली होती त्या कानांनी. आणि मी, शाळेतली बाई, चक्क खोटं बोलले... "नाही बाबा."

मग काय! दुसरा सेट, तिसरा, चौथा... सगळे नापास. शेवटी दुकानदार वैतागला. "काकाजी, सगळ्यांत येऊन तर राहिला! एकदा कान दाखवा डॉक्टरले."

बाबा रेकॉर्ड खोळीत घालायला गेले, तर खोळीचं तोंडच सापडेना त्यांना. मला माझाच असा राग आला... मी खरं बोलले असते, तर परक्या माणसाकडून हे ऐकायची वेळ त्यांच्यावर आली नसती.

इतका वेळ स्टुलावर बसलेली आई उठली. "एकदा अजून लावा जी," दुकानदाराला म्हणाली, आणि बाबांच्या समोर जाऊन उभी राहिली.

इथे एक सांगायला हवं. मागांच्या शेडमध्ये कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नसे, त्यामुळे तिथे सगळं हातांनी चालायचं. ती सवय आमच्या घरातही आली होती... चहा हवा, जेवण झालं, सगळं खुणेनं. दोन बोटांची चिमूट वर उचलली, की त्याचा अर्थ, तुटलेला धागा जोडला, आता माग चालू कर.

गाणं थांबलं... आणि बरोब्बर श्वासाला आईची चिमूट वर गेली!

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. डोळे भरून आले होते त्यांचे. "तुले आला?"

"आला नं. पहिल्याच्यात बी आला होता."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ते रागावले नाहीत, चक्क हसले! दुकानदाराला म्हणाले, "मंग पहिलाच बांध गा."

त्यानंतर रोज संध्याकाळी रेकॉर्ड लागायची. बाबा स्पीकरकडे नाही, आईच्या हाताकडे बघत बसायचे. चिमूट वर गेली की खूश होऊन म्हणायचे, "आला!"

आता दोघंही नाहीत. परवा लेकाने नवीन स्पीकर आणले आणि म्हणाला, "आई, सांग बरं कसे आहेत." मी तीच रेकॉर्ड काढली. गाणं थांबलं... आणि माझी चिमूट आपोआप वर गेली.

आला बाबा... तेव्हाही आला होता.